विवरणपत्रे उघडायची, पण कोणाची?

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी परिसरातील ४१ इमारती पाडण्याचे काम २० फेब्रुवारी २०२५ रोजी संपले. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि डम्पिंग ग्राउंडसाठी आरक्षित असलेल्या सुमारे ६० एकर जागेवर त्या उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पाडकामाचा आदेश दिला, रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही दाद लागली नाही. दोन हजारांहून अधिक कुटुंबे बेघर झाली. पुढे मे महिन्यात ईडीने याच प्रकरणात छापे घातले आणि वसई-विरार महापालिकेच्या नगररचना उपसंचालकांकडून ८ कोटी ६० लाखांची रोकड आणि सव्वातेवीस कोटींचे दागिने व सोने जप्त केल्याचे जाहीर केले. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. चौकशी पुढे आयुक्तांपर्यंत गेली आणि त्यांची अटक उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, हेही नोंदवायला हवे. पण पगारदार अधिकाऱ्याच्या नावापुढे आलेला हा आकडा इथल्या माणसाच्या डोक्यातून जात नाही. हप्ते फेडता फेडता ज्याचे घर गेले, त्याच्या डोक्यातून तर नाहीच.

या रागातून एक मागणी पुढे येते. सगळ्यांचीच आयटी रिटर्न जाहीर करून टाका. आमदार, अधिकारी, बिल्डर, दुकानदार, नोकरदार, सगळ्यांची. ज्याने काही लपवले नाही त्याला भीती कसली? ऐकायला हे न्यायाचे वाटते. पण ही मागणी मान्य झाली तर सामान्य माणूस उघडा पडेल आणि ज्यांचे उत्पन्न लोकांना कळायलाच हवे, ते गर्दीत मिसळून जातील, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या गलक्यात एक गोष्ट नजरेआड होते आहे. कायदा सध्या नेमक्या उलट्या दिशेने चालला आहे.

आधी रिटर्नमध्ये असते काय ते पाहू. जुलै महिन्यात विरार किंवा नालासोपारा स्टेशनजवळच्या, ‘रिटर्न भरून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या एखाद्या गाळ्यात डोकावावे. टेबलावर कॉम्प्युटर, बाजूला झेरॉक्स मशीन. समोरच्या खुर्चीवरचा माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढतो: फॉर्म १६, पॅन आणि आधारच्या झेरॉक्स, बँकेचे स्टेटमेंट, गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला, आरोग्य विम्याच्या हप्त्याची पावती. मागे रांगेत उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो ओटीपी सांगतो. जुन्या करप्रणालीत सवलती मागायच्या असतील तर आणखी सांगावे लागते. घरात अपंग मूल आहे का, कोणा वडीलधाऱ्यावर गंभीर आजाराचे उपचार चालू आहेत का, कोणत्या मंदिराला, चर्चला किंवा न्यासाला देणगी दिली, राजकीय पक्षाला वर्गणी दिली का, मुलीच्या शिक्षणासाठी किती कर्ज काढले. आपण ज्याला नुसता उत्पन्नाचा आकडा समजतो, त्या कागदात घरातले आजारपण, श्रद्धा, राजकारण आणि ओढाताण असे सगळे बसलेले असते. जातीधर्माची इतकी सरमिसळ असलेल्या शहरात ही यादी चारचौघांत टांगली तर तिचा पहिला वाचक कोण असेल?

या प्रश्नाचे उत्तर वसई-विरारला दुरून शोधायची गरज नाही. २०१८ साली इथल्या पोलीस ठाण्यांमध्ये माहिती अधिकाराच्या आडून बिल्डरांकडून खंडणी उकळल्याचे गुन्हे एकामागून एक दाखल झाले. बांधकाम परवानगीची फाइल मिळवायची, तिच्यातली खोट शोधायची आणि तक्रार मागे घेण्याचा भाव सांगायचा, अशी ही पद्धत. ज्या कायद्याने बेकायदा इमारती उघड व्हायच्या, त्याच कायद्याने काहींनी आपली दुकाने थाटली. त्यात भरडले गेले ते प्रामाणिक कार्यकर्ते. अजूनही इथे कोणी माहितीचा अर्ज केला की ‘सेटिंग करायचं असेल’ हे शब्द कानावर येतात. महापालिकेची फाइल तर मुळात सार्वजनिक व्यवहाराची. ती मिळाल्यावर हे घडले. मग घराघरातले उत्पन्न मोबाइलवर पाहता आले तर काय घडेल? कोणाच्या खात्यात जमीन विकल्याचे पैसे आले, कोणती विधवा ठेवींच्या व्याजावर जगते, कोणत्या म्हाताऱ्या जोडप्याची मुले परदेशात आहेत, याचा माग काढणाऱ्यांना तयार पत्ता मिळेल.

बरे, एवढी किंमत मोजून खरी श्रीमंती तरी दिसेल का? पहाटेची चर्चगेट लोकल पकडणाऱ्याचा पगार प्राप्तिकर खात्याला आधीच ठाऊक असतो. त्याचा टीडीएस कापलेला असतो, ठेवीचे व्याज, शेअर, घरखरेदी हे सारे २०२१ पासून खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात उतरते. उलट वसईच्या पश्चिम पट्ट्यातील केळीच्या वाड्या आणि पानमळे घ्या. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे आणि ते तसेच असावे. पण त्याच्याच आडोशाला भलताच पैसा शेतीचा म्हणून दाखवता येतो. घर घेताना व्हाइट किती, ब्लॅक किती, हे तर कराराच्या आधीच ठरते आणि ब्लॅकचा भाग कोणाच्याच रिटर्नमध्ये येत नाही. म्हणजे याद्या जाहीर झाल्या तर बँकेतला कारकून गल्लीतला सर्वांत श्रीमंत माणूस ठरेल आणि विनापरवाना चाळी बांधून विकणारा ठरेल गरीब.

नॉर्वेचा दाखला या वादात हटकून दिला जातो. तिथे करदात्यांच्या याद्या पाहण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. २००१ मध्ये वर्तमानपत्रांनी त्या इंटरनेटवर आणल्या आणि घरबसल्या कोणाचेही उत्पन्न कळू लागले. अर्थतज्ज्ञांच्या एका अभ्यासात व्यावसायिकांनी दाखवलेले उत्पन्न त्यानंतर सुमारे ३ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. हा फायदा खरा आहे, तो नाकारू नये. पण रिकार्दो पेरेझ-त्रुग्लिया यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसरी बाजू दिसते. श्रीमंत आणि गरीब यांच्या सुखसमाधानातली दरी याद्या इंटरनेटवर आल्यानंतर २९ टक्क्यांनी रुंदावली. लोक करचुकवे शोधत नव्हते, शेजारी, मित्र आणि नातेवाईक पाहत होते. अखेर २०१४ पासून नियम झाला की कोणी आपले उत्पन्न पाहिले, ते त्या माणसाला कळेल. त्याबरोबर पाहणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली. जपानने तर १९५० नंतर दरवर्षी मोठ्या करदात्यांची यादी छापली आणि गुन्हेगारी व खासगीपणा यांचा विचार करून २००५ नंतर ती बंदच केली. राज्ययंत्रणेवर एवढा विश्वास असलेल्या देशांचा हा अनुभव आहे. आपल्याकडे हुंडा ठरवताना आणि वर्गणी मागताना या यादीचे काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

कोणी म्हणेल, मग बायकोला नवऱ्याचे खरे उत्पन्न कळायचे कसे? त्याची वाट आहे. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनीश विरुद्ध नेहा या निकालात बंधनकारक केले. हे प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेले. ज्याचा हक्क अडकला आहे त्याला माहिती मिळते, गावाला मिळत नाही. हीच रीत योग्य आहे.

आता अधिकाऱ्यांकडे येतो. २००८ साली अकोल्यातील भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याविषयी गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी माहिती मागितली. त्यात पगार, त्याला मिळालेले मेमो, मालमत्ता, भेटवस्तू असे बरेच काही होते. ती नाकारली गेली. प्रकरण नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने सांगितले की प्राप्तिकर विवरणपत्रातील तपशील ही वैयक्तिक माहिती आहे आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही. विवरणपत्रापुरते हे मला मान्य आहे. पण त्याच निकालाने अधिकाऱ्याची मालमत्ता, त्याच्यावरची कारवाई, कारणे दाखवा नोटिसा हे सगळे एकाच पेटीत बंद केले. माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी या निकालावर सातत्याने टीका केली आहे आणि ती रास्त आहे. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे वाक्य तेव्हा माहिती अधिकार कायद्यातच होते.

ते वाक्य आता उरलेले नाही. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील हे कलम बदलले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. आधी माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, कोणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येतो का, हे तपासावे लागे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढा शेरा पुरतो. जनहित मोठे असेल तर माहिती देता येईल, असे दुसरे कलम शिल्लक आहे आणि सरकार त्याच्याकडे बोट दाखवते. पण ते जनहित सिद्ध करत अपिलामागून अपील लढायचे ते नागरिकाने. तोवर इमारत उभी राहते, घरे विकली जातात, लोक राहायला येतात. त्याच २०२३च्या कायद्यातून सामान्य माणसाला स्वतःच्या माहितीचे जे संरक्षण मिळायचे, त्याची मुख्य कलमे मात्र पुढच्या तारखेवर ठेवली आहेत. अधिकाऱ्याची ढाल आधी मिळाली.

याचा वसई-विरारसाठी काय अर्थ होतो? महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूक झाली नाही. नगरसेवक होण्यासाठी उमेदवाराला मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आमदार-खासदारांना तर २०१९ पासून पाच वर्षांच्या रिटर्नमधले उत्पन्नही सांगावे लागते. पण साडेपाच वर्षे शहराचा कारभार ज्यांच्या सहीने चालला, त्या प्रशासकीय यंत्रणेत असे प्रतिज्ञापत्र लोकांसमोर ठेवण्याची कोणावरही सक्ती नव्हती. सनदी अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्तेची विवरणे केंद्राच्या संकेतस्थळावर असतात, तेवढाच अपवाद. नगररचनेत बसून आरक्षणे, चटईक्षेत्र आणि बांधकाम परवानग्या हाताळणारा अधिकारी त्यात येत नाही.

२०१६ ची आठवण इथे द्यायलाच हवी. मे २०२५ मध्ये ज्यांच्याकडे छापा पडला त्याच नगररचना उपसंचालकांना तेव्हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अटक केली होती. तक्रारी थांबवण्यासाठी एका नगरसेवकाला २५ लाख रुपये दिल्याचा आरोप होता. लाच घेण्याचा नव्हे, देण्याचा! अधिकाऱ्याकडे द्यायला एवढी रोकड आली कुठून, हा प्रश्न त्याच दिवशी प्रत्येक वसईकराच्या तोंडी होता. निलंबन झाले आणि पुढे ते सेवेत परतले. त्या काळात त्यांनी सरकारला मालमत्तेविषयी काय सांगितले, हे वर्षावर्षाला जाहीर होत असते तर? लाचेचा पैसा कोणी कागदावर लिहीत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण जाहीर केलेले खोटे विवरण पकडता येते. ज्याने फ्लॅट विकला तो दलाल, शेजारी, खात्यातले सहकारी यांना दिसणारी राहणी आणि कागदावरची राहणी यांची तुलना करता येते, आणि ती करून जाब विचारण्याचा लोकांना हक्क असतो, कारण हा माणूस त्यांच्या वतीने सही करतो. नोकरदाराच्या रिटर्नबाबत असा कोणताच हक्क कोणाकडे नाही.

त्यामुळे मागणी नेमकी हवी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार सरकारी कर्मचारी मत्ता आणि दायित्वाचे विवरण सादर करतातच. ते सध्या आस्थापना विभागाच्या कपाटात जाते. बिहार सरकार आपल्या कर्मचाऱ्यांची मालमत्ता बरीच वर्षे संकेतस्थळावर टाकते आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीही मे २०२५ मध्ये आपली मालमत्ता जाहीर केली. जमीन, बांधकाम परवानगी, कर आणि ठेके हाताळणाऱ्या प्रत्येक वर्ग एक आणि दोनच्या अधिकाऱ्याचे एकूण उत्पन्न, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता आणि कर्जे दरवर्षी प्रसिद्ध करावीत. त्यांचे आधार, खाते क्रमांक, आजारपण आणि देणग्या मात्र झाकूनच ठेवाव्यात, कारण त्यांनाही घर आहे. यासाठी संसदेत जायची गरज नाही, प्राप्तिकर कायद्याला हात लावायची नाही. राज्य सरकारने आपल्याच नियमांत दुरुस्ती करायची आहे. महापालिकेत आता पुन्हा निवडून आलेले नगरसेवक आहेत. आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देऊन ते सभागृहात बसले आहेत. नगररचना विभागापासून सुरुवात करून हीच अट अधिकाऱ्यांना लावावी, असा ठराव करून तो मंत्रालयात पाठवणे त्यांना पहिल्या काही सभांतच शक्य आहे.