‘ढ’ कोण आणि ‘मुका’ कोण?

शाळेच्या पटावर ‘ढ’ अशी नोंद करण्याची सोय नाही. पण प्रत्येक वर्गात तशी एक अलिखित नोंद असतेच. मागच्या बाकावर बसणारा, फळ्यावरचे उतरवून न घेणारा, नाव पुकारले तरी चटकन ‘हजर’ न म्हणणारा मुलगा त्या नोंदीत अलगद जाऊन बसतो. त्याला फळा दिसतो काय, शिक्षकांचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो काय, हे विचारण्यापूर्वीच त्याच्या बुद्धीचा निकाल लागलेला असतो. जातीमुळे, दारिद्र्यामुळे आणि स्त्री म्हणून शिक्षणाबाहेर फेकल्या गेलेल्यांचा विचार समाजवादी चळवळीने सातत्याने केला. डोळे आणि कान अधू असल्यामुळे बाहेर पडणाऱ्यांचा विचार मात्र तिने दानशूरांवर आणि सेवाभावी संस्थांवर सोपविला. वस्तुतः हा दयेचा विषय नाही, समतेचा आहे.

बारामती आणि इंदापूर हे तालुके विकासाचे नमुने म्हणून दाखविले जातात, आणि त्याला आधारही आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने, वालचंदनगरचा यंत्रोद्योग, उजनीचा जलाशय, बारामतीची औद्योगिक वसाहत, महाविद्यालये आणि २०१९ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एवढी साधने महाराष्ट्रातील फार थोड्या ग्रामीण भागांच्या वाट्याला आली आहेत. परंतु कालव्याचा जो धर्म तोच सार्वजनिक सेवांचा. मुखाशी असलेल्याचे शेत भिजते. शेवटच्या चारीवरच्याची पाळी येईतो पाणी आटलेले असते. सुपे-मोरगावकडच्या जिराईत वाड्या, उजनीकाठची मच्छीमार कुटुंबे आणि हंगामात कारखान्यांभोवती उभ्या राहणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या ही या समृद्धीची शेवटची चारी होय. तेथील मुलाचे डोळे व कान कोण तपासतो, यावर विकासाची कसोटी लागली पाहिजे.

आधी दृष्टीचा विचार करू. पूर्ण अंध मूल घरच्यांच्या ध्यानात लवकर येते. ध्यानात येत नाही ते अंशतः पाहणारे मूल. ऱ्हस्वदृष्टी असलेल्या मुलाला पुस्तक दिसते, फळा दिसत नाही. आणि सर्वांनाच जग असे धूसर दिसत असणार अशी त्याची समजूत असल्याने ते तक्रारही करीत नाही. एका डोळ्याने तिरळे पाहणाऱ्या मुलाविषयी ‘मोठेपणी सरळ होईल’ असे घरात म्हटले जाते. पण दृष्टी ही केवळ डोळ्यात नसते, ती मेंदूत घडते. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मंद डोळ्याला काम लावले नाही, तर पुढे चष्म्याचा उपयोग फारसा होत नाही. चीनच्या पश्चिमेकडील ग्रामीण भागात विद्यार्थ्यांना मोफत चष्मे दिल्यावर त्यांचे गणितातील गुण सुधारल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. म्हणजे जी मुले गणितात कच्ची मानली जात होती, त्यांपैकी काहींना उणीव होती ती दोन भिंगांची.

पूर्ण अंध मुलाची अडचण वेगळ्या जातीची आहे. ‘नदी’, ‘डोंगर’, ‘त्रिकोण’ हे शब्द ते ऐकून पाठ करते. वस्तू हाताला लागली नाही तर शब्द पोकळ राहतो. घरातले प्रेमापोटी त्याला उठू देत नाहीत, भाकरी मोडून देतात, विहिरीच्या धाकाने अंगणाबाहेर जाऊ देत नाहीत. त्यामुळे जे परावलंबित्व आपण अंधत्वाचा परिणाम समजतो, ते बव्हंशी संगोपनाचा परिणाम असते. भारती ब्रेलचे प्रमाणीकरण १९५१ मध्ये झाले. आज संगणक मजकूर वाचून दाखवितो. तरीही अंध विद्यार्थ्याला गणित व विज्ञान झेपणार नाही असे गृहीत धरून त्याला कलाशाखेकडे वळविण्याची सवय जात नाही. स्पर्शाने समजणाऱ्या आकृत्या आणि प्रशिक्षित शिक्षक दिले नाहीत, ही उणीव व्यवस्थेची. शिक्का मात्र मुलावर.

श्रवणाचा प्रश्न याहून खोल जातो, कारण कान हा भाषेचा दरवाजा आहे. मूल पहिल्या दोन-तीन वर्षांत भाषा शिकते ती कोणी शिकविल्यामुळे नव्हे, तर भोवतालच्या बोलण्यात भिजल्यामुळे. जन्मतः कर्णबधिर मूल या पावसात कोरडे राहते. म्हणूनच पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाययोजना हा दंडक जगभर सांगितला जातो. आपल्याकडे ‘उशिरा बोलेल, त्याचे वडीलही उशिरा बोलले’ या दिलाशात तीन-चार वर्षे निघून जातात. परिणाम केवळ उच्चारांवर होत नाही. ‘काल’ आणि ‘उद्या’, ‘जर’ आणि ‘तर’, ‘का’ आणि ‘म्हणून’ हे सारे भाषेतून मनात उतरते. आपला राग, भीती, अन्याय सांगायला शब्द नसले की मूल आदळआपट करते अथवा मिटून जाते. मग त्याला हट्टी किंवा वेडसर म्हटले जाते. मुलगी असेल तर हा अबोलपणा तिच्या असुरक्षिततेतही भर घालतो, कारण झालेला अत्याचार तिला सांगता येत नाही.

‘मूकबधिर’ हा जोडशब्द आपण विचार न करता वापरतो. बहुतेक कर्णबधिर मुलांचा कंठ निर्दोष असतो. बहिरेपण निसर्गाने दिलेले असेल. मुकेपण समाजाने दिलेले असते. निकाराग्वामध्ये याचा पुरावा मिळाला. मानाग्वा येथे १९७७ मध्ये विशेष मुलांची शाळा सुरू झाली आणि १९७९ च्या क्रांतीनंतर या शिक्षणाचा विस्तार झाला. वर्गात भर होता तो ओठ वाचण्यावर आणि स्पॅनिश उच्चारांवर. त्यात यश बेताचेच आले. परंतु प्रथमच एकत्र आलेल्या त्या मुलांनी अंगणात आणि बसगाडीत आपल्या घरगुती खुणांमधून एक भाषा घडविली, आणि नंतर आलेल्या धाकट्यांनी तिला पुरते व्याकरण दिले. भाषेची शक्ती त्यांच्यात होतीच. उणीव होती ती समाजाची. मिलान येथील १८८० च्या परिषदेने कर्णबधिरांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला होता; तो चुकीचा होता हे मान्य करायला २०१० साल उजाडावे लागले. आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेला स्थान दिले. परंतु धोरणातली भाषा इंदापूरच्या खेड्यातील आईच्या हातांपर्यंत पोहोचल्याखेरीज तिचा उपयोग नाही.

या भागात बहिरेपणाची काही कारणे टाळता येण्याजोगी आहेत. मामाची मुलगी करण्याची रीत पश्चिम महाराष्ट्रात जुनी आहे. रक्ताच्या नात्यात एकच सदोष गुणबीज दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. गर्भारपणी आईला रुबेला झाला तर बाळाच्या कानांना व डोळ्यांना एकाच वेळी धोका असतो. त्यावरील लस सोपी आहे आणि २०१८ पासून राज्यात ती व्यापक प्रमाणात देण्यात आली. फुटलेला कान हे तिसरे कारण. थंडीवाऱ्यात, चुलीच्या धुरात राहणाऱ्या मुलाच्या कानातून पू वाहतो, घरातले त्यात तेल सोडतात, आणि ऐकू येणे हळूहळू कमी होते. हा गरिबीचा आजार आहे आणि वेळीच औषध मिळाले तर बरा होणारा आहे.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झाला. त्याच्या पथकांनी अंगणवाड्या वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा तपासाव्यात अशी योजना आहे. २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वयाच्या लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही काढला. पण अंगणवाडी एका खात्याची, तपासणी दुसऱ्याची, शाळा तिसऱ्याची आणि विशेष शाळा चौथ्याची. मूल एका वहीतून दुसऱ्या वहीत जाताना वाटेत हरवते. बीड वा अहिल्यानगरहून आलेल्या ऊसतोड कुटुंबाचे मूल तर गावच्या वहीत ‘गैरहजर’ आणि येथील वहीत अस्तित्वातच नाही. शिवाय कायद्याची मर्यादा ४० टक्के अपंगत्वाची. ज्याला नुसता चष्मा हवा ते मूल कोणत्याच गणनेत नाही.

त्यावर उतारा म्हणून शिबिरे भरतात. मंडप पडतो, फलक लागतो, श्रवणयंत्रे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. यंत्र मिळणे वाईट नव्हे. पण यंत्र कानात घातले म्हणजे ऐकू आले असे होत नाही. कानाच्या मापाचा साचा हवा, यंत्राची वेळोवेळी जुळणी हवी, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी संपणारा सेल परवडला पाहिजे, आणि आवाजाला अर्थ देण्यासाठी वाचा-प्रशिक्षण वर्षानुवर्षे चालले पाहिजे. ते नसेल तर यंत्र ट्रंकेत जाते. कित्येक लाखांच्या शस्त्रक्रियेने बसविलेल्या श्रवणरोपणालाही हाच नियम लागू आहे. वस्तूचे वाटप एका दिवसात होते आणि त्याचे श्रेय एका व्यक्तीला मिळते. सेवेला पगारी माणसे लागतात आणि तिचे श्रेय कोणालाच मिळत नाही. निवडणुकीचे राजकारण वाटप का पसंत करते, हे यातून उघड होते.

हा खर्च परवडणारा नाही, हे म्हणणे अर्थशास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही. आसामच्या चहामळ्यांतील चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचा चष्मा दिल्यावर त्यांचे उत्पादन, चष्मा न मिळालेल्या गटाच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. ही गोष्ट प्रौढांची. मुलाच्या बाबतीत तर लाभाची वर्षे कितीतरी अधिक. मात्र तो लाभ पुढे वीस वर्षांनी दिसतो आणि खर्च आज करावा लागतो. शिवाय ज्याला लाभ व्हायचा त्याच्या खिशात आज पैसा नसतो. म्हणून हे काम बाजार करणार नाही. ते सार्वजनिक पैशानेच झाले पाहिजे. आणि हक्काचा हिशेब तर लाभाच्या हिशेबाच्याही पलीकडचा आहे. ज्याच्या शिक्षणातून एक रुपयाही परत येणार नाही, त्या मुलालाही शिकण्याचा तेवढाच अधिकार आहे.

कार्यकर्त्यांनी यात काय करावे? प्रत्येक प्रसूतिगृहात नवजात अर्भकाच्या श्रवणचाचणीची मागणी लावून धरावी. सहा मीटरवर तक्ता टांगून नजर तपासण्याचे काम कोणताही शिक्षक शिकू शकतो. ते जूनमध्येच सर्व शाळांत व्हावे असा आग्रह धरावा. स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन ग्रामपंचायतींवर आहे. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब मागावा आणि त्यातून सेल, साचे, चष्मे व पालकांसाठी सांकेतिक भाषेचे वर्ग यांची तरतूद करून घ्यावी. गाळप सुरू होताच कोप्यांतील मुलांची तपासणी कारखान्याच्या आवारातच व्हावी, आणि तिची नोंद मुलाबरोबर त्याच्या गावी जावी. विशेष शिक्षकांची पदे कंत्राटावर नव्हे, कायम स्वरूपात भरली जावीत यासाठी जिल्हा परिषदेवर दबाव आणावा. यांतील एकाही कामासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

आपल्या इतिहासात ज्यांना ‘शिकण्यास अपात्र’ म्हटले गेले त्यांनी संधी मिळताच ते खोटे ठरविले. शूद्रांविषयी आणि स्त्रियांविषयी केलेला तो निवाडा आपण पुसून टाकला. मागच्या बाकावरच्या मुलाविषयीचा निवाडा अजून तसाच उभा आहे, आणि तो पुसण्याचे काम याच चळवळीचे आहे.