पशुवैद्याची जागा आधी कोणाला?

'नीट' परीक्षेचा निकाल लागला की वृत्तपत्रांचे रकाने भावी डॉक्टरांच्या छायाचित्रांनी भरून जातात. याच परीक्षेच्या गुणानुक्रमावरून आपल्या राज्यातील भावी पशुवैद्यही निवडले जातात, हे मात्र आपल्या कार्यकर्त्यांपैकीही थोड्यांच्याच ध्यानात असते. माणसांचे डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या लाखो मुलांची एक रांग लावायची आणि तिच्यात मागे राहिलेल्यांतून प्रामुख्याने गुरांचे डॉक्टर मिळवायचे, अशी ही व्यवस्था आहे. मनापासून पशुवैद्यच व्हावयाचे आहे अशी मुलेही त्या रांगेत असतात. पण अशांना ओळखून पुढे घेण्याची कोणतीही सोय रांगेत नाही.

मावळ तालुक्याचे उदाहरण घेऊ. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत भात हे मुख्य पीक. इंद्रायणी हा आज घरोघरी पोहोचलेला वाण वडगाव येथील भात संशोधन केंद्राने दिला. परंतु भाताचे पैसे वर्षातून एकदा हाती येतात. रोजचा मीठमिरचीचा खर्च दुधावर चालतो. घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यांना गुरांशिवाय दुसरा आधार नाही, आणि ठाकर-कातकऱ्यांच्या झोपडीत चार शेळ्या हीच बँक असते. आषाढ-श्रावणात, ओढ्यांना पूर आलेला असताना, गाय अडली किंवा व्याल्यावर वार पडली नाही, तर डॉक्टर वेळेवर येईल याची शाश्वती नसते. दवाखाने नाहीत असे नव्हे. डॉक्टर एक आणि गावे अनेक, अशी स्थिती आहे. दुभती म्हैस मेली तर त्या घराची कित्येक वर्षांची बचत एका रात्रीत बुडते.

त्याच तालुक्याच्या माथ्यावर लोणावळा आहे. तेथील बंगल्यांतून शनिवार-रविवारी मुंबईची कुत्री हवा खायला येतात. (कुत्र्यांशी माझे वैर नाही, त्यांनाही डॉक्टर हवाच.) खाजगी पशुवैद्य पैशाच्या ओढीने शहराकडे आणि बंगल्यांकडे जाणार, यात त्याचा नैतिक दोष शोधणे व्यर्थ आहे. अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने तसेच घडते. पण घटसर्पाची किंवा लाळ्या-खुरकुताची लस एका गोठ्यात टोचली तर शेजारचे दहा गोठे सुरक्षित होतात, आणि या लाभाची किंमत बाजारात कोणीच मोजत नाही. २०२२ साली लंपी चर्मरोगाची साथ आली तेव्हा राज्यभर गोवर्गीय जनावरांना लस टोचण्याचे काम सरकारलाच अंगावर घ्यावे लागले.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली दर पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असावा असे सुचविले होते. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाई-बैल सुमारे १ कोटी ३९ लाख आणि म्हशी सुमारे ५६ लाख भरल्या. शेळ्या-मेंढ्या बाजूला ठेवल्या तरी एवढ्यासाठीच ३,९०० पशुवैद्य लागतात, आणि तेही गोठ्यापर्यंत जाणारे. ही उणीव वर्षानुवर्षे पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकांनी भरून काढली. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने त्यांना नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारांचीच मुभा दिली असली, तरी दुर्गम भागात देखरेख करणारा तो पशुवैद्य पुष्कळदा कागदावरच राहिला.

तेव्हा प्रश्न किती पशुवैद्य निर्माण करावयाचे एवढाच नाही. कोणाला करावयाचे, हाही आहे. अमेरिकेत पशुवैद्यकीय शिक्षण सामान्यतः महाविद्यालयातील काही वर्षांच्या अभ्यासानंतर सुरू होते; तथापि मिसिसिपी, कॅन्सस अशा राज्यांतील काही विद्यापीठे शाळा संपवणाऱ्या विद्यार्थ्यालाच पुढची जागा राखून ठेवण्याचे वचन देतात. कल्पना चांगली आहे. पण तेथे हे वचन मुख्यत्वे परीक्षेत फार वरचे गुण मिळवणाऱ्यांना मिळते. लवकर चमकणारी मुले बहुधा सुस्थितीतील घरांतून येतात, आणि मग लवकर प्रवेश म्हणजे आधीच पुढे असलेल्याला आणखी पुढे ढकलणे होते. त्याच कॅन्ससने २००६ साली दुसरी एक योजना काढली. वर्षाला पाच पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांना कर्ज द्यावयाचे आणि पदवीनंतर ग्रामीण परगण्यात चार वर्षे काम केल्यास ते माफ करावयाचे. आपल्याला शिकण्याजोगे आहे ते या दुसऱ्या योजनेत.

याहून जवळची उदाहरणेही आहेत. आंध्र प्रदेशात २००८ साली राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ निघाले. दहावीच्या गुणांवर ग्रामीण मुलांना थेट सहा वर्षांच्या अभियांत्रिकी शिक्षणात घ्यावयाचे आणि सरकारी शाळांतील मुलांना वंचिततेपोटी काही गुण वाढवून द्यावयाचे, असा त्याचा नियम. मुलगा शिकवणी वर्गांच्या बाजारात शिरण्यापूर्वीच त्याची निवड होते, हे या योजनेचे मर्म. जपानमधील जिची वैद्यकीय विद्यापीठात १९७२ पासून प्रत्येक प्रांत आपापले दोन-तीन विद्यार्थी निवडून पाठवतो. सहा वर्षांच्या शिक्षणाचे कर्ज नऊ वर्षे स्वतःच्या प्रांतात सेवा केल्यावर माफ होते. तमिळनाडूत तर पशुवैद्यकाचे राज्याच्या वाट्याचे प्रवेश 'नीट'वर नव्हे, बारावीच्या गुणांवर होतात, आणि २०२१ च्या कायद्याने पशुवैद्यकासह अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत सरकारी शाळांतील मुलांसाठी साडेसात टक्के जागा ठेवल्या गेल्या. वैद्यकीय प्रवेशातील अशाच तरतुदीला मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ साली मान्यता दिली. 'न्यायालयात टिकणार नाही' हे नोकरशाहीचे आवडते उत्तर आता इतक्या सहज देता येणार नाही.

महाराष्ट्राने काय करावे? माझ्या मते, पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील काही जागांचे वचन दहावीनंतरच, तालुकावार द्यावे. ज्या तालुक्यांत पशुधन अधिक आणि डॉक्टर कमी, तेथील जिल्हा परिषदेच्या किंवा आश्रमशाळेत शिकलेल्या मुलामुलींतून निवड व्हावी. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत शासनाने त्यांचा शास्त्र विषयांचा अभ्यास आणि वसतिगृह पाहावे आणि सुट्टीत त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात हाताखाली काम करावे. बारावीत ठरावीक गुण मिळाले की जागा पक्की. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि विद्यापीठाच्या परीक्षा मात्र इतरांसारख्याच, त्यांत एका गुणाचीही सूट नको. शिक्षणाचा खर्च कर्ज म्हणून मांडावा, तो तालुक्यातील सेवेने फेडला जावा.

गुणवत्तेचा आक्षेप येणारच. 'नीट'मध्ये काही गुण अधिक मिळवण्यासाठी मुलाचे एक वर्ष आणि शिकवणीचे लाखभर रुपये खर्चू शकणारे घर आणि नाणे मावळातले भातशेतीचे घर यांना एका रेषेवर उभे करून जी मोजली जाते, ती बऱ्याच अंशी बापाची ऐपत असते. विशेष संधीचे तत्त्व डॉ. लोहियांनी मांडले ते याच विषमतेच्या संदर्भात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेड्यातला मुलगा डॉक्टर झाला की तोही शहर गाठेल, बंधपत्राची रक्कम भरून मोकळा होईल. काही जण जातीलच. गाव सोडण्याची इच्छा शिक्षणाबरोबर येते आणि तिची चेष्टा करण्याचा अधिकार शहरात स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांना नाही. म्हणून रकमेचा धाक पुरेसा नाही. तालुक्यात राहण्याजोगे घर, वाहन, औषधांचा साठा आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणात प्राधान्य हेही वचनातच हवे. भटक्या कुटुंबातील, जनावरांत वाढलेल्या मुलीला ही संधी मिळाली तर ती परत येण्याचा संभव शहरी मुलापेक्षा मला अधिक वाटतो.

एका गोष्टीबाबत मात्र सावध राहावे लागेल. कृषी महाविद्यालयांच्या प्रवेशात सातबाऱ्याच्या आधारे शेतकऱ्याच्या मुलाला झुकते माप देण्याची परंपरा आपल्याकडे आहे. मावळात सातबारा हा शेतकरीपणाचा पुरावा राहिलेला नाही. द्रुतगती मार्गानंतर येथील जमिनींवर फार्महाऊस उगवली आणि मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांची नावे उताऱ्यांवर चढली. उलट कातकऱ्याच्या आणि कित्येक धनगरांच्या नावावर उताराच नाही, मात्र जनावर त्यांनाच कळते. निकष शाळेचा आणि वास्तव्याचा असावा. सातबाऱ्याचा ठेवला, तर ही योजनाही बंगलेवाल्यांच्या घरी जाईल.

मावळच्या एका बाजूला मुंबईचे १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, दुसऱ्या बाजूला शिरवळचे, ज्याला प्रतिसरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव दिलेले आहे. दोन्ही २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात, तेव्हा मागणी विद्यापीठाकडे आणि पशुसंवर्धन खात्याकडे एकाच वेळी गेली पाहिजे. त्यासाठी आकडे हवेत आणि ते आपल्यालाच गोळा करावे लागतील: प्रत्येक गावात जनावरे किती, जवळचा दवाखाना किती अंतरावर, तेथील पद भरलेले की रिक्त, गेल्या पावसाळ्यात उपचारावाचून किती जनावरे दगावली. तिन्ही खोऱ्यांतील कार्यकर्त्यांनी ही यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभांपूर्वी पुरी करावी आणि ठरावासोबत जोडावी.