‘चवीपुरतं’ मीठ म्हणजे किती?



‘लोक काय खातात ते त्यांनाच विचारा, रक्त-लघवी तपासण्यावर पैसा कशाला?’ हे गेल्या अंकातील पत्र मला अजिबात पटले नाही. मीठ किती खाता, असे आमच्याकडे कुणालाही विचारा. ‘चवीपुरतं’ हेच उत्तर मिळेल. पापड, लोणचे, ठेचा कुणी हिशेबात धरत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर पिण्याच्या पाण्यातूनही सोडियम पोटात जाते. ते कुठल्या प्रश्नावलीत येणार? खाल्ल्या-प्यायलेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडते. चोवीस तासांची सगळी लघवी साठवून तपासली, की त्या दिवसाचा आकडा हाती येतो.

जीवनसत्त्व ब-१२ चेही तसेच. ते कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन नावाचे अमिनो आम्ल वाढते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने खेड्यांतील गर्भवतींचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींत ब-१२ कमी निघाले.

सोडियम पाण्यातले की लोणच्यातले, हे मात्र लघवी सांगत नाही. त्यासाठी घरोघरी विचारावेच लागेल, विहिरी-बोअरचे पाणीही तपासावे लागेल. नांदुरा तालुक्यात ही तिन्ही कामे एकदमच हाती घ्यावीत, अशी माझी मागणी आहे.

– एक वाचक, वडनेर भोलजी, जि. बुलढाणा