कानाचं दुखणं आणि न झालेली झोप



'कान ठणकतो' असं सांगणारी बाई प्रत्येक गटात असते. आधी लसूण घालून कोमट केलेलं तेल, मग दवाखान्यातले थेंब, शेवटी कानाचे डॉक्टर. ते तपासून म्हणतात, कान स्वच्छ आहे. घरचे म्हणतात, बघ, सगळे मनाचे खेळ! मग ती त्याबद्दल बोलायचंच सोडते.

असं दुखणं पुष्कळदा जबड्याच्या सांध्याचं असतं. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो हा सांधा. या सांध्याला आणि कानाच्या काही भागाला संवेदना पुरवणारी नस एकच. म्हणून दुखतं सांध्यात आणि जाणवतं कानात. अमेरिकेतल्या जेम्स कॉस्टेन या कानाच्याच डॉक्टरांनी १९३४ साली ही सांगड मांडली. मागचे दात पडल्यामुळे असं होतं, हे त्यांचं कारण पुढे टिकलं नाही. कान-जबड्याचं नातं मात्र टिकलं. चावताना कळ येणं, तोंड उघडताना 'कट्' असा आवाज होणं, सकाळी जबडा आखडलेला असणं, ही याची लक्षणं. पुरुषांपेक्षा बायकांत हा त्रास जास्त, तोही ऐन कामाच्या वयात.

झोपेचा संबंध याहून महत्त्वाचा वाटतो. दुखण्यामुळे झोप मोडते हे कुणीही सांगेल. पण अमेरिकेत २००६ पासून झालेल्या एका मोठ्या पाहणीत, जबडा दुखत नसलेल्या माणसांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा पुढे ज्यांना त्रास सुरू झाला त्यांची झोप आधीपासूनच बिघडत गेलेली दिसली. घोरणाऱ्यांचीही नोंद त्यात आहे. (बायकाही घोरतात. त्यावर हसण्यापलीकडे आपण काही करत नाही.) सगळ्यांत शेवटी आडवी होणारी, पहाटे नळाच्या पाण्यासाठी उठणारी, नवरा कसा घरी येईल या धास्तीनं दात आवळून पडून राहणारी बाई, तिला 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला काय कामाचा?

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एका बाईंनी वर्षभर कानात थेंब घातले. शिवणकाम करतात. दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं तेव्हा दोन बोटंही मावेनात; एरवी तीन मावायला हवीत. गालावर नवऱ्याचा ठोसा बसल्यापासून हे सुरू झालं, हे त्यांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितलं. केसपेपरवर 'पडल्यामुळे' एवढंच होतं. विचारलं होतं तेव्हा नवरा शेजारीच उभा होता.

प्रत्येक दुखरा जबडा मारहाणीतूनच येतो असं मुळीच नाही. पण हाड किंवा दात मोडणं, निखळणं हे कायद्यानं 'गंभीर दुखापत' ठरतं. भारतीय न्याय संहितेत ते कलम ११६ मध्ये आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तक्रार करतानाही केसपेपरवरचं वाक्य उपयोगी पडतं. म्हणून बाईला एकटीला आत घेऊन विचारा, असा आग्रह आपण दवाखान्यात धरला पाहिजे.

उपचार बहुधा साधे असतात: मऊ जेवण, शेक, शिकवून घेतलेले जबड्याचे व्यायाम, गरज पडल्यास रात्री दातांवर बसवायची पट्टी. दात घासून किंवा काढून सांधा बरा करतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. गेलेला दात परत येत नाही. कानातून पू येत असेल, ऐकू कमी येत असेल, तर आधी कानाचेच डॉक्टर. आणि मिश्री, सुपारी, खर्रा खाणाऱ्या बाईचं तोंड उघडेनासं झालं, तोंडातली जखम भरत नसली, तर तो सांधा असेल म्हणून थांबू नका, कर्करोगाची तपासणी लगेच करून घ्या.

आरोग्य शिबिराच्या आपल्या फॉर्ममध्ये 'कान दुखतो का' हा रकाना आहेच. त्याच्या खाली आता तीन प्रश्न घालूया: तोंड पूर्ण उघडतं का? रात्री किती वेळ सलग झोप होते? तोंडावर कधी मार लागला आहे का? तिसरा प्रश्न मात्र रांगेत, सगळ्यांसमोर विचारायचा नाही.