गाय गेली, व्हॅक्सिन राहिले

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन सुरू झाले. कामानिमित्त तिथे उतरलेला मराठी माणूस शहरात हिंडू लागला, की एखाद्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरची 'टीकाकरण केंद्र' ही पाटी पाहून क्षणभर थबकतो. टीका म्हटली की आपल्याला आठवतो अग्रलेख, नाही तर सुनेच्या स्वयंपाकावर होणारी चर्चा. फार तर ज्ञानेश्वरी. आजारापासून वाचवणारी टीकाही असते, हे उत्तरेत गेल्यावरच कळते.

हिंदीतला हा टीका म्हणजे टिळा, अंगावर उमटलेली खूण. मराठीने त्याच गोष्टीला लस म्हटले. लस म्हणजे फोडातून पाझरणारे चिकट पाणी. एकीने दंडावरचा डाग पाहिला, दुसरीने सुईच्या टोकावरचा थेंब. इंग्रजीने मात्र थेट गोठा गाठला.

लॅटिन भाषेत 'वाक्का' म्हणजे गाय. इंग्लंडमधल्या बर्कली गावचे डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. ते फोड गाईंना होणाऱ्या सौम्य देवीचे होते. पुढे या मुलाला खऱ्या देवीची लस टोचून पाहिली, तरी त्याला देवी आल्या नाहीत. १७९८ साली जेन्नर यांनी यावर पुस्तक लिहिले आणि गाईच्या रोगाला लॅटिन नाव दिले, 'व्हॅरिओली व्हॅक्सिनी', म्हणजे गाईच्या देवी. यातले 'व्हॅक्सिन' हे साधे विशेषण आहे. अर्थ एवढाच, की गाईचे. १८०० साली रिचर्ड डनिंग या शल्यवैद्याने त्यावरून 'व्हॅक्सिनेशन' हा शब्द घडवला.

शब्दातली गाय तेव्हा इतकी जिवंत होती, की लोकांना तिची भीती वाटे. १८०२ साली जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने एक चित्र काढले. त्यात लस टोचून घेतलेल्यांच्या अंगातून छोट्या छोट्या गाई बाहेर पडताना दिसतात.

त्याच वर्षी ही लस मुंबईला पोहोचली. बगदाद आणि बसरा या मार्गाने ती आली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. भारतात लस यशस्वीपणे टोचून घेतलेली ही पहिली व्यक्ती. तिच्या दंडावर फोड उठला, त्यातली लस काढून आणखी मुलांना टोचली, आणि असे करत करत ती पुण्याकडे, सुरतेकडे, मद्रासकडे गेली. उन्हाळ्यात कुपीतली लस टिकत नसे. लहान मुलाचा दंड हीच तिची बाटली! म्हणजे गाईला पूज्य मानणाऱ्या या देशात गाईच्या नावाची लस आली, ती गाईशिवायच.

आयांना ही रीत पसंत नव्हती. एक तर मूल टोचून आणायचे, आठवड्याने फोड भरला की पुन्हा न्यायचे, आणि त्याच्या दुखऱ्या हातातून दुसऱ्यासाठी लस काढू द्यायची. शिवाय कोणाच्या मुलाची लस आपल्या मुलाच्या अंगात जाणार, हा प्रश्न होताच. जातीपातीच्या काळात तो लहान नव्हता. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवू लागले, तेव्हा गाय पुन्हा शब्दात परतली आणि आक्षेपही बदलले. गांधीजींनीसुद्धा आपल्या आरोग्यविषयक लेखनात देवी टोचण्याला विरोध केला होता.

मराठी घरांत या साऱ्याला नाव होते 'देवी काढणे'. रोगही देवी आणि रोगावरचा उपायही देवी. आलेली देवी आईसाहेबांच्या कोपाची, काढलेली देवी सरकारची. बोलणाऱ्याला यात काही विसंगत वाटत नसे.

'व्हॅक्सिन'मधून गाय बाहेर काढली ती लुई पाश्चर यांनी, आणि तीही आदराने. त्यांनी कोंबड्यांच्या पटकीवर आणि मेंढ्यांच्या काळपुळीवर लस तयार केली होती. गाईचा तिच्याशी काही संबंध नव्हता. तरीही १८८१ साली लंडनच्या वैद्यक परिषदेत त्यांनी सुचवले, की जेन्नर यांच्या सन्मानार्थ अशा प्रत्येक उपायाला व्हॅक्सिनेशनच म्हणावे. विशेषणाचे नाम झाले.

पण एका परिषदेने ठरवले म्हणून लोकांची जीभ वळत नाही. पाश्चर यांच्या संस्थेत काम केलेले वाल्देमार हाफकिन १८९६ साली प्लेगने हादरलेल्या मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. तेव्हाची इंग्रजी कागदपत्रे या टोचणीला बहुतेक 'इनॉक्युलेशन' म्हणतात. या शब्दाचे मूळ बागेत आहे. लॅटिन 'ऑक्युलस' म्हणजे डोळा, आणि झाडाचा डोळा दुसऱ्या झाडात बसवणे म्हणजे इनॉक्युलेशन. आपला माळीही गुलाबाला 'डोळा भरतो'. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच उपमा निवडावी, याची मोठी गंमत वाटते.

लोकांच्या भीतीला मात्र गंमत सुचत नव्हती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना हाफकिन यांची लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सारे एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना निलंबित करण्यात आले. तेव्हा व्हाइसरॉय होते लॉर्ड कर्झन. कस्तुरबा गांधी मार्गाचे जुने नाव कर्झन रोड, ते यांचेच. पुढे निघाले ते असे, की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे गेली ती गेलीच. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले.

भारतात देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ साली आढळला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने रोग जगातून गेल्याचे जाहीर केले. देवी काढणे थांबले, तसा तो शब्दप्रयोगही घरातून गेला. नंतरच्या आयांच्या तोंडी लस क्वचितच असे. बाळाला 'ट्रिपल' देतात, 'बीसीजी' करतात, पोलिओचा तर 'डोस' पाजतात. लस हा शब्द उरला शाळेच्या पुस्तकात आणि दवाखान्याच्या तक्त्यावर.

२०२१ साली तो एकदम घराघरांत परतला. करोनाची लसमोहीम १६ जानेवारीला सुरू झाली आणि जो तो विचारू लागला, 'लस घेतली का?' क्रियापद पाहण्यासारखे आहे. आजीच्या काळी कोणीतरी येऊन टोचून जाई. आता माणूस नाव नोंदवून, रांगेत उभा राहून लस घेत होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाला 'व्हॅक्सिन'ची व्याख्या बदलावी लागली. कारण नव्या लसींत जंतू नव्हता, जिवंत नाही की मेलेला नाही. होता फक्त एक रासायनिक निरोप, जो वाचून शरीर स्वतःच कामाला लागते. व्याख्या बदलली म्हणून काहींनी आरडाओरडा केला, जणू शब्दकोशाने कट रचला होता. पाश्चर यांनी तेच १४० वर्षांपूर्वी उघडपणे केले होते. या एमआरएनए पद्धतीची पहिली भारतीय लस पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने बनवली. तिला २०२२ साली परवानगी मिळाली.

बेळगावच्या टिळकवाडीत मात्र हा शब्द वेगळ्याच अर्थाने नांदतो. तिथे एकेकाळी मुंबई इलाख्यासाठी वासरांपासून देवीची लस तयार होत असे. वासरे गेली, देवीही गेली. उरली झाडी आणि मोकळे मैदान. कोणाला विचारले, आज सभा कुठे आहे, तर उत्तर येते, 'व्हॅक्सिन डेपोवर.'