आधी बिजागरी, मग संगणक

आयटीआय किंवा पॉलिटेक्निक झालेल्या मुलाला कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आरेखनात, टेबल काढायला सांगा, तो देखणं टेबल काढून देईल. त्याच टेबलाची घडी घालून दाखव म्हटलं की घोडं अडतं. फळी जागची हलत नाही, आणि हललीच तर शेजारच्या फळीतून आरपार निघून जाते. वर्ध्यात माझं फर्निचरचं लहानसं वर्कशॉप आहे. संध्याकाळी तिथेच मी मुलांना कॅड शिकवतो. हिंगणघाट, पुलगाव, आर्वीकडून येणाऱ्या पोरांचं एक वाक्य ठरलेलं असतं : "सर, हे फिरूनच नाही राहिलं!" आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. माझं मत वेगळं आहे. या मुलांनी बिजागरी कधी स्वतः बसवलेली नसते, म्हणून त्यांचा सांधा अडतो. यात दोष मुलांचा कमी आणि आपल्या शिकवण्याचा जास्त आहे.

घडीच्या पार्टिशनचंच बघा. १८ मिमी प्लायच्या तीन फळ्या आहेत. नागमोडी घडी हवी असेल तर पहिली बिजागरी पुढच्या अंगाला आणि दुसरी मागच्या अंगाला लागते. मुलं दोन्ही एकाच अंगाला लावतात, किंवा सांध्याचा अक्ष फळीच्या जाडीच्या मधोमध धरतात. अक्ष मधोमध असेल तर दोन जाड फळ्या एकमेकींवर बसूच शकत नाहीत, त्यांच्या कडा आधीच भिडतात. एक फळी मधल्या फळीवर आणि तिच्यावर तिसरी, अशी एकावर एक घडी हवी असेल तर दुसऱ्या बिजागरीची पिन पृष्ठभागापासून ९ मिमी, म्हणजे निम्मी जाडी, वर उचलावी लागते. मध्ये आलेल्या फळीला जागा हवी असते. आपल्याकडच्या कुठल्याही वाढईला हे विचारा, तो दोन फळकुटं हातात घेऊन लगेच दाखवील. कॅडमधला मुलगा मात्र सांधा दहादा पुसतो आणि पुन्हा तिथेच लावतो.

दुसरी अडचण पेटीच्या झाकणाची. झाकणाला दोन बिजागऱ्या, म्हणून मुलगा संगणकातही फिरते सांधे दोन देतो आणि लाल खूण येते. मोकळ्या वस्तूला सहा हालचाली असतात : तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. एक बिजागरी त्यातल्या पाच अडवते आणि एक ठेवते. झाकणाला हवी ती एवढीच. दुसरी बिजागरी पुन्हा त्याच पाच अडवायला येते. दोन्ही पिना तंतोतंत एका रेषेत असतील तर निभावतं. केसभर फरक पडला की संगणकाच्या हिशेबात झाकण जाम. लाकडात हा फरक खपतो, कारण पिनेला थोडी ढिलाई असते आणि स्क्रूही थोडं सांभाळून घेतो. संगणकाला ढिलाई ठाऊक नाही. म्हणून फिरता सांधा एकाच बिजागरीला द्यावा, दुसरीची पानं नुसती आपापल्या फळीला घट्ट जोडून टाकावीत.

बाकीच्या चुका पटकन सांगता येतात. एकही भाग जमिनीला बांधलेला नसला तर सगळी जोडणी तरंगते, आणि सगळेच बांधले तर काहीच हलत नाही. कोनाची हद्द घातली नाही तर झाकण पेटीच्या तळातून खाली उतरतं. उपायही साधा आहे. सगळे सांधे तात्पुरते बंद करावेत, एक भाग पक्का धरावा, मग एकेक सांधा चालू करून दर वेळी माउसने ओढून बघावं. ज्या सांध्याला हालचाल अडते, तिथे किंवा त्याच्या अलीकडच्या सांध्यात दोष असतो. मुलं याच्या उलट करतात. लाल खूण जाईपर्यंत सांधे पुसतात आणि शेवटी सगळं 'रिजिड' करून मोकळी होतात. चित्र छान दिसतं, त्याला गुणही मिळतात, पण यंत्र मेलेलं असतं.

ज्या जिल्ह्यात आपण राहतो, तिथे हे शिकवायला उत्तम वस्तू हाताशी आहे : पेटी चरखा. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्याच्यावर बरीच खटपट केली, म्हणून त्याला येरवडा चक्रही म्हणतात. झाकण बिजागरीवर उघडतं, आत एक मोठं आणि एक लहान चक्र. माळ मोठ्यावरून लहानावर आणि तिथून चातीवर जाते. गती दोन टप्प्यांत वाढते, त्यामुळे भलं मोठं चाक लागत नाही आणि सगळा संसार एका पेटीत मावतो. हा चरखा कॅडमध्ये उभा करायला सांगितला की मुलगा माळही सांध्याने जोडायला जातो. माळ हा सांधा नव्हेच. दोन चक्रांच्या फिरण्यातलं ते प्रमाण आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते. एवढं कळलं की पोरगा यंत्र वाचायला लागतो.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. किंमत १५० रुपयांच्या आत, यंत्र नीट निगा राखल्यास २० वर्षं चालणारं, दुरुस्तीचा खर्च माफक, अशा अटी आधी मांडल्या होत्या. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, पण रीत बिनचूक होती : आधी अटी, मग आराखडा. कॅडमधला सांधा म्हणजे अशीच एक अट. काय हलणार, कोणत्या रेषेभोवती, किती अंशांपर्यंत आणि कशाला अडणार, हे कागदावर मराठीत लिहिता येत नसेल तर ते संगणकात घालताही येणार नाही.

कोणी म्हणेल, नोकरीत सॉफ्टवेअर विचारतात, रंधा नाही. खरं आहे. पण नोकरीतलं सॉफ्टवेअर बदलत राहतं आणि बिजागरीच्या पाच अडवलेल्या हालचाली सगळीकडे त्याच राहतात. महागड्या परवान्याची सबबही आता चालणार नाही. फुकट मिळणाऱ्या फ्रीकॅडच्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत जोडणी आणि सांध्यांची सोय आतच दिलेली आहे.

म्हणून माझं मागणं थोडक्यात असं. आयटीआयमध्ये यांत्रिक आरेखकाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्यात प्रत्येक मुलाने एक घडीची वस्तू हाताने बनवावी, तीच मोजून कॅडमध्ये उभी करावी, आणि परीक्षकाने चित्र न बघता ती उघडून-मिटून बघावी. वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी खुलं झालेलं मगन संग्रहालयही तिथेच आहे. जिल्ह्यातल्या तंत्रशिक्षण संस्थांनी मुलांना तिथे सहलीला न्यावं, पण हातात व्हर्निअर कॅलिपर आणि वही देऊन. कॅडच्या प्रयोगशाळेचं आणि सुतारशाळेचं वेळापत्रक एकत्र बसून आखावं. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. दोन निदेशकांनी मनावर घेतलं तरी पुरे आहे.