मांजराच्या नख्या

माणसाने ज्या प्राण्यांना आपल्या आश्रयाला घेतले, त्यांतील बहुतेकांना त्याने काही ना काही बंधन घातले. बैलाला वेसण आली, घोड्याला लगाम आला, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आला. मांजराला मात्र असे कोणतेच बंधन फारसे मानवले नाही. ते माणसाच्या घरात आले ते आपल्या पायांनी आणि राहिले ते आपल्या मर्जीने. येताना ते आपली शस्त्रेही बरोबर घेऊन आले. ही शस्त्रे म्हणजे त्याच्या नख्या. वाघाची मावशी म्हणून आपण मांजराचे कौतुक करतो. त्या नात्याची खूण त्याच्या मऊ पंजात दडलेली असते.

पूर्वी या नख्यांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, तेव्हा धान्याच्या मागोमाग उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे एक दफन उत्खननात सापडले आहे. त्यात माणसाच्या शेजारीच एका मांजरालाही पुरलेले आहे. इतकी जुनी ही सोबत! आपल्याकडेही ज्या घरात कणगीत ज्वारी आणि माळ्यावर गुळाच्या ढेपा असत, त्या घरात मांजर म्हणजे बिनपगारी राखणदारच होते. त्याची नखी जितकी तीक्ष्ण, तितके घरातले धान्य सुरक्षित. शिवाय त्याला हिंडायला अंगण होते, चढायला आंब्या-चिंचेची झाडे होती. खरखरीत सालीवर पंजे घासून ते आपल्या नख्यांची निगा आपणच राखीत असे.

आज तेच मांजर पुण्या-मुंबईच्या एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. धान्य झाकणाच्या डब्यांत असते आणि उंदीर सहसा त्याच्या दृष्टीस पडत नाही. पायाखाली गुळगुळीत फरशी, खिडकीला जाळी आणि वेळ झाली की समोर खाण्याची ताटली. नख्या मात्र पूर्वीसारख्याच वाढत राहतात. मग पडद्याचे धागे निघतात, सोफ्याचे कापड फाटते, खेळता खेळता धाकट्या भावंडाच्या हातावर ओरखडा उमटतो. घरात कुरकूर सुरू होते, ‘हे मांजर फार द्वाड झाले आहे.’

मला हा आरोप न्यायाचा वाटत नाही. मांजर पूर्वी होते तसेच आजही आहे. बदलले आहे ते घर, आणि ते आपण बदलले आहे. ज्या नख्यांसाठी आपण त्याला घरात घेतले, त्याच नख्या आता आपल्याला अडचणीच्या झाल्या. तेव्हा या अडचणीतून वाट काढण्याचे कामही आपल्याकडेच येते. ही वाट कोणती, आणि तीवरून किती दूर जावे, याचा आपण थोडा विचार करू.

त्यासाठी आधी ही नखी कशी असते ते पाहिले पाहिजे. कुत्र्याची नखे नेहमी बाहेरच असतात व चालताना जमिनीवर घासून बोथट होतात. मांजराच्या नख्या एरवी पंजाच्या आत मागे ओढलेल्या राहतात. तेथील लवचीक बंध त्यांना आपोआप मागे धरून ठेवतात. मांजराने स्नायू आवळले, की त्या म्यानातून तलवार निघावी तशा बाहेर येतात. म्हणून त्यांची धार चालण्याने झिजत नाही आणि मांजराची चाल निःशब्द असते. चित्ता हाही याच कुळातला. पण त्याच्या नख्या पूर्णपणे आत जात नाहीत. त्या धावताना जमिनीत रुततात आणि वेगाला आधार देतात. ज्याचे जसे जीवन, तशी त्याची नखी.

बहुतेक मांजरांना १८ नख्या असतात. पुढच्या प्रत्येक पायाला ५ आणि मागच्या प्रत्येक पायाला ४. प्रत्येक नखी एकावर एक बसलेल्या थरांची बनलेली असते. मांजर लाकूड ओरबाडते तेव्हा वरचा जुना थर गळून पडतो आणि आतील टोकदार भाग उघडा होतो. मांजर जेथे पंजे घासते तेथे नीट शोधले, तर चंद्रकोरीच्या आकाराची पोकळ टरफले सापडतात. ती पाहून मांजराची नखी उपटली गेली असे समजून घाबरण्याचे कारण नाही.

टोकाकडील नखी निर्जीव असते. ती कापली तरी मांजराला वेदना होत नाहीत. आपण आपली नखे कापतो तसेच ते असते. परंतु मुळाकडे, नखीच्या आत, एक गुलाबी भाग दिसतो. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. नखाखालच्या अशा कोवळ्या, जिवंत भागाला आपल्या भाषेत जिव्हाळी म्हणतात. जिव्हाळा हा आपल्या ओळखीचा शब्द तिचाच सोयरा आहे. या जिव्हाळीला धार लागली, तर रक्त येते आणि मांजर कळवळते. तेव्हा नखी कापण्याची सारी विद्या एका गोष्टीत सामावलेली आहे : जिव्हाळी कोठे सुरू होते ते ओळखावे आणि तिच्या बरेच अलीकडे थांबावे.

येथे कोणी विचारील, ‘निसर्गाने जी नखी दिली ती आपण का कापावी? मांजराचे मांजरालाच पाहू द्या.’ हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. जे मांजर बाहेर हिंडते, झाडावर चढते, कुत्र्यापासून जीव वाचवून भिंतीवर उडी घेते, त्याच्या बाबतीत हे म्हणणे मला मान्य आहे. त्याच्या नख्यांना हात लावू नये. त्या बोथट केल्या, तर आपण त्याचे रक्षणच काढून घेतले असे होईल. परंतु जे मांजर आयुष्यभर घरातच राहते, त्याला आपण झाडही दिलेले नाही आणि रानही दिलेले नाही. त्याची नखी चादरीत अडकते आणि ओढाताणीत दुखावते. पुढच्या पायाच्या आतील बाजूची अंगठ्याची नखी तर जमिनीला टेकतच नाही. ती वाढत वाढत वळते आणि कधी कधी पंजाच्या गादीत रुतते. म्हाताऱ्या मांजरांना हा त्रास अधिक होतो, कारण त्यांचे पंजे घासणे कमी झालेले असते. अशा मांजराची नखी निसर्गावर सोपविणे म्हणजे आपले कर्तव्य निसर्गाच्या गळ्यात बांधणे होय.

याच्या उलट टोकाला जाणारेही लोक आहेत. ते म्हणतात, ‘दर दोन-तीन आठवड्यांनी कापीत बसण्यापेक्षा नख्या एकदाच मुळापासून काढून टाकल्या, तर काय बिघडले?’ काही देशांत अशी शस्त्रक्रिया अनेक वर्षे केली गेली. ऐकणाऱ्याला वाटते, केवळ नखच निघत असेल. वस्तुस्थिती फार वेगळी आहे. मांजराची नखी बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवते. ती पुन्हा उगवू नये म्हणून ते हाडच कापावे लागते. आपल्या हाताच्या प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर काढून टाकले, तर आपली काय स्थिती होईल, याची कल्पना करून पाहावी. मांजर बोटांवर चालते. त्यामुळे त्याचे उभे राहणे आणि चालणे यांवरही याचा परिणाम होतो.

या क्रूरतेची जाणीव जगाला हळूहळू झाली. पाळीव प्राण्यांच्या रक्षणासाठी १९८७ साली युरोपात जो करार झाला, त्यात प्राण्याच्या उपचारासाठी आवश्यक नसताना नख्या काढण्यास मनाई केली गेली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली असाच कायदा केला. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालीच झाला असून, प्राण्याचे अंग तोडून त्यास विकल करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी साधा प्रश्न उरतो. सोफ्याचे कापड जपण्यासाठी जिवंत प्राण्याचे हाड कापणारा माणूस मांजर पाळतो, की सोफा पाळतो?

काहीच न करणे आणि सर्वच काढून टाकणे या दोहोंच्या मध्ये योग्य मार्ग आहे, आणि तो आपल्या खेड्यांतील लोकांना जुना परिचयाचा आहे. बैलाच्या खुरांना पत्री ठोकणारा कारागीर आधी खुराचा वाढलेला भाग तासतो. खूरही नखाच्याच जातीचे असते. किती तासावे आणि कोठे थांबावे, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. तो बैलाच्या सोयीसाठी तासतो. खूर नाहीसे करण्यासाठी तासत नाही. मांजराच्या नखीलाही हाच न्याय लावावा.

हे काम घरीच करावे असे मला वाटते. मांजराला टोपलीत कोंबून अनोळखी ठिकाणी नेले, की ते आधीच भेदरते. घरात त्याच्या आवडत्या जागी, ओळखीच्या माणसाच्या मांडीवर हेच काम शांतपणे होते. कात्री मात्र मोठ्या माणसाच्या हाती असावी. मुलांनी मांजराला गोंजारावे, त्याच्याशी बोलावे आणि नीट पाहून शिकावे. हे काम सहायकाचे असले तरी हलके नव्हे, कारण मांजराचा धीर त्याच्यावरच अवलंबून असतो.

मांजर जेवून सुस्तावलेले असावे आणि खिडकीतून चांगला उजेड येत असावा. मांजराच्या नख्यांसाठी लहान कात्री मिळते. ती धारदार असावी. बोथट कात्रीने नखी चिरडते व फाटते. पंजा हलकेच हाती घेऊन वरून अंगठ्याने व खालून बोटाने किंचित दाबला, की एक नखी बाहेर येते. उजेडात तिच्यातील गुलाबी भाग पाहावा आणि त्यापासून दूर, टोकाचा एक-दोन मिलिमीटर एवढाच भाग कापावा. काळपट नखीत गुलाबी भाग दिसत नाही. तेथे अगदी टोकच तेवढे काढावे. मांजराने पाय ओढला, तर सोडून द्यावा. १८ नख्या एकाच बैठकीत कापल्या पाहिजेत, असा नियम कोणी केलेला नाही. आज दोन, उद्या तीन, असे केले तरी चालते. काम झाल्यावर त्याला आवडीचा घास द्यावा. पिल्लू लहान असल्यापासून त्याचे पंजे हाताळण्याची सवय ठेवली, तर पुढे हे काम फार सोपे होते.

एखादे वेळी जिव्हाळी दुखावली व रक्त आले, तर स्वच्छ कापसाने काही मिनिटे दाबून धरावे. रक्त थांबेना, नखी गादीत रुतलेली दिसली, किंवा मांजर मुळीच हात लावू देईना, तर जबरदस्ती न करता पशुवैद्याकडे जावे. मांजराने आपल्याला ओरखडले वा चावले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच घरातील मोठ्यांना सांगून डॉक्टरांकडे जावे. बोलणी बसतील या भीतीने ओरखडा लपविणे योग्य नाही. रेबीजसारखा प्राणघातक रोग अशा जखमांतूनही येऊ शकतो.

नखी कापली म्हणजे आपले कर्तव्य संपले असेही नाही. पंजे घासण्याची मांजराची ओढ त्याने नष्ट होत नाही, आणि ती नष्ट व्हावी अशी इच्छाही धरू नये. पंजे घासताना ते अंग ताणते, जुना थर टाकून देते आणि पंजांतील गंधाने आपल्या जागेची खूणही करून ठेवते. त्याला घासण्यासाठी काही दिले नाही, तर ते सोफा घासणार. एका जाड फळीवर गोणपाट घट्ट ठोकावे, किंवा खांबाला काथ्याचा दोर गुंडाळावा. मांजर अंग ताणून उभे राहील इतकी त्याची उंची असावी आणि तो डळमळू नये. एवढ्याशा खर्चात त्या प्राण्याला त्याचे झाड परत मिळते.

मुलांनो, ज्याच्यावर आपली सत्ता चालते, त्याच्याशी आपण कसे वागतो यावरून आपली पारख होते. मांडीवर निजलेले मांजर आपला पंजा आपल्या हाती देते, तेव्हा ते आपल्यावर विश्वास टाकीत असते. त्या पंजाचे काय करावे हे ठरविण्याची शक्ती त्या क्षणी आपल्याकडे असते. घरात सर्वांना सुखाने राहता यावे यासाठी नखीचे टोक जरूर कापावे. पण नखी मांजराची आहे, हे विसरू नये. आपल्या सोयीची सीमा त्याच्या जिव्हाळीच्या अलीकडेच संपली पाहिजे.